मेघाळांत नसलेला शब्द

शनिवारच्या शिरूर–दौंड एसटीत शेजारचा मुलगा मोबाईलमध्ये बघून एकटाच हसत होता. मी चोरून डोकावले, तर... तो माझीच कथा वाचत होता.

कथा म्हणजे माझी ऑनलाइन मालिका, मेघाळ नावाच्या लोकांची. हे लोक डोंगरमाथ्यावर राहतात, ढगांचे कळप राखतात. त्यांच्या चालीरीतींना, नात्यांना, रुसव्याफुगव्यांना मी एकेक शब्द घडवला होता. लिहायचे मात्र टोपणनावानं. कारेगावच्या खोलीवरच्या मैत्रिणींना कळलं असतं, तर त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं असतं.

"काय वाचताय?" मी साळसूदपणे विचारलं.

"मेघाळांचं. तुम्हाला न्हाई कळायचं," तो म्हणाला. "त्यांच्यात भेटल्यावर ओला तळवा समोरच्याच्या मनगटाला लावत्यात. ओलावण म्हणत्यात त्याला."

"असं? कसा लावतात?"

त्यानं बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं... आणि थबकला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग मीच मनगट पुढे केलं. काय करणार — रीत माझीच होती ना.

तो संपत. निमोण्याचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता शेती. दोघंही कारेगावकडे कामाला; कंपन्या वेगळ्या, पण शनिवारी घरी जायची गाडी एक. पुढेपुढे तो निमोण्याच्या फाट्यावर उतरेनासाच झाला. दौंडला काम हाय, म्हणायचा. काम कसलं, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. तो मेघाळांचं कौतुक करायचा आणि मी खिडकीकडे तोंड करून गालातल्या गालात हसायचे. लिहिणारी मीच, हे सांगायचं मात्र दर वेळी पुढच्या शनिवारवर ढकलायचे.

एका शनिवारी त्यानं आजीचं सांगितलं. आजोबा म्हस्कू मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, चार-चार महिने. मागे बानूबाई त्यांच्या वाटणीची एक भाकरी रोज थापायची. संध्याकाळी ती दारातल्या कुत्र्याला घालायची आणि त्याच्याशीच बोलत बसायची. आज उशीर का केला, पाय दुखतात का, असं.

"आजून थापती," संपत म्हणाला. "ह्ये कुणालाच सांगितलं न्हाई मी. लोक हसत्यात."

मी हसले नाही. माझे डोळे भरून आले होते, हे अगदी खरं. पण नवा भाग द्यायची वेळ आली आणि काही सुचेना, तेव्हा मी ती भाकरी उचलली. कुत्राही उचलला. वाचणाऱ्यांना मजा यावी म्हणून मेघाळ बायका नवरा परतेपर्यंत कुत्र्यालाच नवरा मानतात, असं करून टाकलं. शब्दही घडवला, श्वानकांत. भाग तुफान चालला. खाली लोकांनी काय काय लिहिलं, ते सांगायला जीभ रेटत नाही. आणि मी... मी वाचकांचा वाढता आकडा बघून खूश होत होते.

पुढच्या शनिवारी संपत गाडीत चढला, पण शेजारी बसला नाही. उभ्यानंच मोबाईल माझ्यापुढे धरला.

"सृष्टी, ह्ये मी तुला एकटीलाच सांगितलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हंजी लिहिणारी तूच."

सबब तोंडापर्यंत आली होती. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज होती. केलं मी आणि खाली मान त्याची. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. तो फाट्यावर उतरून गेला. त्या दिवशी दौंडला काम नव्हतं.

घरी पोचल्याबरोबर मी तो भाग काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून निमोण्यात गेले, घर विचारत विचारत. संपत दारातच होता. मला बघून तो बाजूला सरकला. बानूबाई चुलीपुढे बसली होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. लोक हसले, घाणेरडं बोलले, हेसुद्धा लपवलं नाही.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुझ्या गोष्टीतल्या त्या बाईचा माणूस माघारी येतो का?"

"अजून लिहिलं नाही, आजी."

"आण माघारी," ती म्हणाली. "माझा एका साली आला न्हाई. घाटातच गेला. सांगावा आला, तवा त्याची भाकरी थापून झाली हुती. ती सवय काय मोडंना बघ. लोक हसंनात का, पर माणूस तेवढा माघारी आण."

संपतनं हे मला सांगितलं नव्हतं. मला तिथेच रडू कोसळलं. म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.

संपत फाट्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना कांद्याची वावरं, मधून आम्ही दोघं. फाट्यावर पोचल्यावर त्यानं विचारलं, "मेघाळांच्यात माफी कशी मागत्यात?"

साडेतीनशे शब्द घडवले होते मी. एकट्या रुसव्याला सात होते. माफीला एकही नव्हता.

"त्यांच्यात नाही," मी म्हणाले.

"मग आपल्यात मागत्यात तशी माग."

दौंडची गाडी लांबून दिसायला लागली होती.

"संपत, मी चुकले. तुझ्या आजीचं दुःख मी हसण्यावारी नेलं. तू विश्वासानं सांगितलंस आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. मला स्वतःची लाज वाटते... आणि तू मला फार आवडतोस. हे आधी सांगायला हवं होतं. सगळंच आधी सांगायला हवं होतं."

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात संपतनं त्याला हातानं खूण केली — जाऊ द्या पुढं.

"पुढची गाडी दोन तासांनी हाय," गाडी गेल्यावर तो म्हणाला. "तवर बोल."