पाय काढा, मामा

१९९८ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बाळासोंच्या वर्कशॉपमध्ये, ट्रेलरवरून एक जुनं रेल्वे इंजिन येऊन उतरलं. घाटातल्या बंद पडलेल्या एका छोट्या लाइनीवरचं ते. देशात डिझेल नवं होतं, तेव्हाचं. पुढं ड्रायव्हरची केबिन, आणि मागं त्याच अंगात पंधरा-सोळा माणसांची लाकडी बाकं. ती लाइन पर्यटकांसाठी पुन्हा सुरू व्हायची होती, आणि इंजिन नव्यानं बांधून द्यायचं काम बाळासोंनी अंगावर घेतलं होतं.

मूळ नकाशे कुठंच मिळत नव्हते. म्हणून एकेक भाग मोजून नवं ड्रॉइंग काढायचं काम वर्षाराणीकडं आलं. सव्वीस वर्षांची, डिप्लोमा केलेली. वडील शाळामास्तर, त्यांनी लहानपणापासून एकच शिकवलेलं : मोजलं तेच लिहायचं.

त्या सोमवारी उद्यमनगराला सुट्टी होती. केबिनची मापं तेवढी राहिली होती, म्हणून ती दुपारी आली. शेडमध्ये जळक्या तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास कोंडला होता. एरवी लेथच्या गोंगाटात कान बधिर व्हायचे. आज पत्रा तडतडला तरी दचकायला होत होतं. कोडोलीचे म्हातारे फिटर जोतीराम तेवढे बाहेर रॉकेलमध्ये नट धूत बसले होते.

केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एक पेडल होतं. त्यावर पाय दाबून धरला तरच इंजिन चालायचं. ड्रायव्हरला झोप लागली, भोवळ आली, पाय सुटला, की पेडल वर यायचं आणि ब्रेक लागायचे. मागं बसलेल्यांचा जीव त्या एका पेडलावर.

वर्षाराणी टेप घेऊन वाकली. पेडल खाली दबलेलं होतं.

"काका, पेडल अडकलंय जणू."

"न्हाय वो ताई," बाहेरून आवाज आला. "कालच नवी स्प्रिंग घातलिया. दोन्ही हातांनी दाबाय लागतंय त्ये."

तिनं पुन्हा पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं, आणि जराजरा थरथरत होतं. फार वेळ ताणून धरलेली मांडी थरथरते तसं. तिनं बोट लावलं. लोखंड गरम होतं, पण उन्हानं तापल्यासारखं नव्हे. अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेलं की तिथं जी ऊब राहते, तशी ती ऊब होती.

तिनं वहीत माप लिहिलं. पुढं लिहिलं, 'दाबलेल्या स्थितीत.' कुणी दाबलेलं, ते काही लिहिता येईना.

दुसऱ्या दिवशी बाळासोंना तिनं सांगितलं. ते हसले. "आगं, मग काढून टाक की त्ये पेडल! गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"माणसं बसणार हायत त्यात, दादा. पेडलाशिवाय माझी सही मिळायची न्हाय."

पेडल राहिलं.

आठवड्यानं हुपरीच्या एस.टी.नं एक म्हातारी आली. चिमणाबाई. पैंजणांना घुंगरं जोडून जोडून बोटं काळी पडलेली. इंजिन आल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. ती आत चढली नाही. खालूनच केबिनच्या पत्र्यावर तिनं तळवा टेकवला.

"आमचं मालक चालवायचं ह्ये," ती वर्षाराणीला म्हणाली. "शेवटच्या दिशी गाडी घाट उतरून आली. टेसनात आली तरी थांबंना. पुढं रूळ सपल्यालं. कोण तरी वराडलं, 'टेसन आलं, टेसन आलं!' तवा थांबली. आत बगितलं तर..." तिनं पदर तोंडाला लावला. "डाक्टर म्हनला, गडी दोन तासामागंच गेलाय. दोन तास, पोरी. आनि घाट उतराय दोन तासच लागत्यात."

"आणि... पाय?"

"पेडलावरच हुता. चौघांनी वढून काढला. त्या दिशी आत बसल्यालं आता कोनबी ऱ्हायलं न्हाय."

मेल्यावरही ज्यानं माणसं सांभाळून आणली, त्याची भीती वाटावी की त्याला हात जोडावेत, हेच त्या रात्री वर्षाराणीला समजेना.

चाचणीच्या दिवशी सकाळी अकराला सगळे जमले. शेडमध्ये तीसेक पावलांचे रूळ टाकलेले, पुढं भिंत. बाळासो नारळ घेऊन इंजिनासमोर, रुळांच्या मधोमध उभे. वर्षाराणी स्वतः केबिनमध्ये बसली. पेडल दाबलं, इंजिन धडधडलं. चार हात पुढं नेऊन थांबवायचं आणि मग नारळ फोडायचा, असं ठरलं होतं.

चार हात झाले. तिनं पाय उचलला.

पेडल वर आलं नाही.

तिनं ब्रेकची दांडी ओढली. दांडी हातात सैल आली. डिझेल बंद करायची कळ दाबली, तरी इंजिन चालतच राहिलं. बाळासो हसतच मागं सरकत होते. मग त्यांची पाठ भिंतीला लागली, आणि हसू गेलं. जड अंगाचा माणूस, बाजूला व्हायचं भानच सुटलं.

"ताई, थांबवा!" जोतीराम बाजूनं पळत ओरडत होते. "थांबवा की वो!"

वर्षाराणी खाली वाकली. पेडल थरथरत होतं. तिच्या तोंडून शब्द आले ते कुजबुजल्यासारखे...

"मामा... टेसन आलं. समदी पोचली. पाय काढा आता."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पेडल हळूहळू वर आलं. आखडलेला पाय माणूस सावकाश उचलतो, अगदी तसं. ब्रेक करकरले. बाळासोंच्या पोटापासून वीतभर अंतरावर इंजिन थांबलं. नारळ हातातून सुटून रुळावर फुटला.

धडधड बंद पडली. आणि त्या शांततेत मागच्या रिकाम्या भागात एक बाक करकरला.

मग डावीकडचा फूटबोर्ड खाली दबला, वर आला. गाडीचं अंग हललं. पुन्हा दबला, वर आला. पुन्हा. माणसं एकामागून एक उतरावीत तसं. गाडीच्या दाराशी येऊन थांबलेले जोतीराम एक पाऊल मागं सरले, अंग चोरून, वाट देत.

शेवटी फूटबोर्ड दबला, आणि बराच वेळ वर आला नाही.

जोतीरामांची नजर तिथून सावकाश वर चढली. माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर जाऊन थांबली.

इंजिन ठरल्या दिवशी घाटात गेलं. पेडल चोख चालतंय असं वर्षाराणीनं लिहून दिलं, आणि ते खरंच चोख चालत होतं. पण पावसाळ्यानंतर तिकडून पत्र आलं : गाडी रिकामी उभी असली तरी डावीकडं दोन बोटं झुकते, तीन वेळा स्प्रिंगा बदलल्या, उपाय सांगा.

तिनं ते पत्र जोतीरामांना वाचून दाखवलं, आणि इतके दिवस टाळलेलं विचारलं, "काका, त्या दिवशी फूटबोर्डावर कोण होतं?"

जोतीरामांनी हातातला नट खाली ठेवला.

"शेवटचं पाशिंजर हुतं. उतरलं न्हाय त्ये, ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वाकून भाईर बगितलं, आनि परत आत जाऊन डाव्या बाकावर बसलं... त्येचं गाव अजून यायचंय."