उशाशी मोजणारी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. आत्याने सांगितलं तसंच सांगतोय, आणि आत्या खोटं बोलणाऱ्यातली नाही.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे पावणेचार. जागा, हॉस्पिटलच्या तळघरातली रेडिएशनची खोली.

आत्या ब्लाऊज शिवते. घशात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी तेहतीस दिवस रेडिएशन सांगितलं.

"एकदाच काय ते देऊन टाका ना," आत्या म्हणाली.

"काकू, एकदम दिलं तर गाठीबरोबर चांगला भागही जळेल," मशीन चालवणारी मुलगी म्हणाली. "रोज थोडं थोडं द्यायचं. मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. गाठीला ते तितकं जमत नाही."

चेहऱ्यावर मापाने बनवलेला जाळीचा मुखवटा. तो टेबलाला अडकवायचा, म्हणजे मान हलत नाही. काही त्रास झाला तर हात वर करायचा. मग ती मुलगी बाहेर जायची आणि जाडजूड दार सरकत बंद व्हायचं. दार उघडं असेल तर मशीन चालतच नाही.

म्हणजे आत... दुसरं कोणी असूच शकत नाही.

अकराव्या दिवशी मशीन घूं करू लागलं, आणि उशाशी कोणीतरी मोजायला लागलं.

"एक... दोन... तीन..."

बाईचा आवाज. दमलेला, पण मायेचा.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "बरं झालं गं, आज मोजलंस. वेळ कसा गेला कळलंच नाही."

मुलगी लिहिता लिहिता थांबली.

"मी कुठे मोजलं, काकू?"

आत्याने विषय वाढवला नाही. डोकं फिरलं म्हणतील!

मोजणं रोज चालू राहिलं. घसा सोलवटला, पाणीसुद्धा गिळवेना, आत्या वाळून काडी झाली. पण तो आवाज आला की तिला धीर यायचा.

एकोणिसावा दिवस.

"एक... दोन... तीन... चार..."

आवाज थांबला.

नुसतं मशीन.

मग अगदी कानाला लागून...

"हात वर कर."

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या आवाजात आता माया नव्हती.

"हात वर कर!"

तिने केला. मशीन बंद पडलं. दार सरकलं, मुलगी धावत आली.

"काय झालं, काकू?"

"मुखवटा... सैल लागतोय." शब्द तोंडून निघाले, तेव्हा कुठे तिला स्वतःलाच ते जाणवलं.

डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केला. वजन सहा किलोने उतरलं होतं. टेबलावर घेतलं तेव्हा मान बरोबर होती, पण नंतर मुखवट्याच्या आतल्या आत सरकली होती. आणि मणक्यातली मुख्य नस किरणांच्या अगदी शेजारी!

आत्याला वेगळं समजवावं लागलं नाही. माणूस वाळलं की ब्लाऊज अंगावर फिरतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

नवा मुखवटा आला. आवाज मात्र पुन्हा आला नाही. ती रोज कान देऊन पडायची.

शेवटच्या दिवशी मशीन थांबलं. दार अजून बंद होतं. आत्या जाळीआडून पुटपुटली, "कोण आहेस माहीत नाही, बाई. तुझे उपकार झाले."

आणि कान देऊन राहिली.

दार सरकलं. मुलगी उंबऱ्यातच उभी, चेहरा पांढराफटक. खोलीत बोललेलं बाहेर तिच्या स्पीकरवर ऐकू जातं. ते मोजणं मात्र तिला कधीच ऐकू आलं नव्हतं.

"काकू... ती काय म्हणाली, ऐकलंत?"

"नाही गं. काय म्हणाली?"

मुलगी मुखवट्याच्या कड्या सोडवत राहिली.

"काही नाही. घरी जा, काकू. जपून राहा."

वर्ष झालं. रिपोर्ट स्वच्छ आहेत. तपासणीला मीच आत्याला घेऊन जातो. आम्ही आलोय कळलं की ती मुलगी तळघरातून मुद्दाम वर येते. रिपोर्ट बघत नाही. आधी आत्याकडे बघते, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे...

आणि हळूच विचारते, "दोघंच आलात ना?"

आम्ही हो म्हणतो.