कर्ण्याची हाक

चार वाजता चहा आला, तेव्हा भिंतीवरच्या नकाशात एकही निळा ठिपका नव्हता. बोलिव्हियाच्या बेनी गवताळ प्रदेशात ताडांवर बसवलेली साडेतीनशे कानयंत्रं निळ्या गळ्याच्या मकाव पोपटांच्या हाका टिपत आणि पुण्यातल्या या खोलीत त्यांवरून पक्ष्यांचा वावर आखला जाई.

"नव्वद दिवस शून्य," विभागप्रमुख खोत म्हणाले. "सहाला संकटग्रस्त प्रजातींची यादी जाते. 'वन्य अवस्थेत नामशेष' लिहा."

"म्हणजे उद्या संरक्षण उठेल आणि गवतावर नांगर फिरेल," शाल्मली टिल्लू म्हणाली.

"नकाशा मी काढत नाही, बाई. यंत्र काढतं."

शाल्मलीने तिथला रखवालदार सेल्सो याला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. फोनमधला अनुवादक त्याचं बोलणं मराठीत ऐकवत होता.

"नामशेष? मग माझ्या ताडाची फळं कोण खातंय? तुमचे साहेब?"

"निळा-पिवळा मकाव असेल," खोत म्हणाले. "लांबून सारखेच दिसतात. म्हणून तर डोळ्यांची साक्ष आपण धरत नाही."

"सेल्सो, फोन वर धरा."

हाक आली. शाल्मलीने कप खाली ठेवला. ही हाक तिला पाठ होती. आठ वर्षांपूर्वी विखुरलेले पक्षी एकत्र यावेत म्हणून तिनेच एका नराची हाक ध्वनिमुद्रित करून ताडांवरच्या कर्ण्यांतून वाजवायला सुरुवात केली होती. यंत्राने कर्णेच मोजू नयेत, म्हणून ती हाक वगळणारी चाळणीही तिनेच लावली होती.

"हा कर्णा आहे ना?"

"कर्णा पलीकडच्या ताडावर आहे, बाई. हा माझ्या डोक्यावर बसलाय आणि टोपीवर घाण करतोय."

कर्ण्यांजवळ वाढलेल्या पिल्लांनी कर्ण्याचीच हाक उचलली होती. चाळणी जिवंत पक्षी फेकून देत होती. शाल्मलीने ती काढली. नकाशा ठिपक्यांनी भरला.

"यात कर्णे किती, पक्षी किती?" खोतांनी विचारलं.

"कर्णे बंद केल्याशिवाय कळणार नाही. पण विणीचा हंगाम आहे, सर. थवा त्या आवाजाला धरून आहे. पांगला तर?"

"पावणेपाच झालेत."

तिने कर्णे बंद केले. सगळे ठिपके विझले. अकरा मिनिटं नकाशा कोरा राहिला. मग ताडांच्या एका बेटावर एक ठिपका उमटला, त्याच्या उत्तरेला दोन. साडेपाचपर्यंत एकोणीस झाले. खोतांनी 'नामशेष' खोडून 'अतिसंकटग्रस्त' लिहिलं आणि यादी पाठवली.

फोन अजून चालू होता.

"बाई, इथे वेगळाच गोंधळ आहे," सेल्सो म्हणाला. "माझ्या लहानपणी प्रत्येक जोडीची हाक निराळी असायची. आता एक ओरडतो आणि सगळे ओ देतात. घरट्यातलं पिल्लू भुकेलंय, ओरडतंय. यातली आपली आई कुठली, हे त्याला कसं कळायचं?"