उजव्या बाजूचं वजन

धान्याच्या गोदामातले चार वजनकाटे औरेलिओने ढकलगाडीवर चढवले, तेव्हा अख्खं गाव जेवून आडवं झालं होतं. पाम्पाच्या गवताळ माळावर जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर फिरकत नाही. गोदामवाला जांभई देत म्हणाला, "गहू नाही, मका नाही, मग काटे कशाला रे?"

"गाडी जोखायची आहे. प्रत्येक चाकाखाली एक."

"फर्मिनला म्हणावं, आधी स्वतःचं डोकं जोखून घे."

औरेलिओ हसला. फर्मिनच्या डोक्याबद्दल गावात दुमत नव्हतं. तो औरेलिओचा लहानपणापासूनचा दोस्त आणि धाकट्या बहिणीचा, देलियाचा नवरा. बुएनोस आयरेसचे शौकीन आपल्या जुन्या गाड्या ट्रकवर लादून शर्यतीला आणतात. फर्मिनला ते कमीपणाचं वाटे. आपली गाडी नंबरप्लेट लावून, रस्त्याने चालवत मैदानात न्यायची, शर्यत मारायची आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी येऊन निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचा आसादो खायचा, हे त्याचं वेड. त्या वेडापायी दोघांनी दोन वर्षं पत्रा ठोकला होता.

गाडीचा सांगाडा आणि इंजिन सातुर्नोच्या कोठारात मिळालं; गाव त्याला मानाने 'डॉन' म्हणे. कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींत एके काळी या म्हाताऱ्याचा दरारा होता. तेव्हा ड्रायव्हरच्या उजवीकडे सोबती बसायचा. धुळीतून मागचं-पुढचं बघणं त्याचं काम. इंजिनाच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारी. एक थाप म्हणजे मागच्याला वाट दे. दोन थापा म्हणजे ब्रेक मार. एका शर्यतीत सोबत्याने, कासिमिरोने, दोन थापा मारल्या आणि सातुर्नोने त्या मानल्या नाहीत. सातुर्नो जगला. कासिमिरो चरात राहिला.

"गाडी न्या," म्हातारा म्हणाला होता, "पण उजवीकडची सीट काढू नका. त्याची जागा आहे ती."

"अहो डॉन सातुर्नो, मग त्याला मातेचा कडू चहा पण पाजायचा का?" फर्मिनने विचारलं.

म्हातारा हसला नाही. "तो काही मागत नाही. नुसता बसतो."

रस्त्यासाठी दोन सीट ठीक होत्या. पण मैदानात गाडी जितकी हलकी तितकी बरी. त्या दुपारी फर्मिनने उजवी सीट सोडवून भिंतीला टेकवली आणि वजन बघायला स्वतः डावीकडे स्टिअरिंगमागे बसला.

औरेलिओच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत अंधार होता आणि उन्हाने तापलेलं पत्र्याचं छप्पर मधूनच कडकड वाजत होतं. औरेलिओने चारही काटे वाचले. उजवी बाजू भारी भरत होती.

"काटे बदल," फर्मिन म्हणाला.

डावीकडचे उजवीकडे गेले. आकडे हलले नाहीत. औरेलिओने उजवीकडच्या रिकाम्या जागेत हात घातला. पान्हा नाही, जॅक नाही, बोल्टची नुसती भोकं. गॅरेजची भट्टी झाली असताना तिथला पत्रा विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. आणि वास येत होता... जळक्या एरंडेलाचा. पूर्वी शर्यतीच्या इंजिनात ते तेल घालत.

"तू एरंडेल ओतलंस?" औरेलिओने हळूच विचारलं.

"आता कोण ओततं?"

"उतर बरं खाली."

फर्मिन उतरला. डावे काटे हलके झाले. उजवे होते तिथेच राहिले. एखाद्या धिप्पाड माणसाचं जादा वजन.

दुसरा कोणी असता तर गॅरेजला कुलूप ठोकून पाद्र्याकडे धावला असता. पण काटा सांगेल ते खरं धरून गाडीचा तोल साधायचा, हेच औरेलिओ जन्मभर करत आला होता. "मग आवळ की उजवी स्प्रिंग," फर्मिन म्हणाला, आणि औरेलिओने ती आवळली. गाडी सरळ उभी राहिली. नसलेल्या माणसासाठी त्याने गाडीचा तोल साधून दिला होता.

फर्मिन लगेच गिरणीमागच्या मातीच्या रस्त्याला चक्कर मारायला गेला. परत आला तो पांढराफटक. बराच वेळ स्टिअरिंग सोडेना.

"दोनदा..." त्याने उजव्या खांद्याला हात लावला. "इथे. मी ब्रेक मारला. वळणावर मक्याच्या आड ट्रॅक्टर आडवा उभा होता, औरेलिओ. मला दिसलाच नसता."

मग तो हसायला लागला.

त्यानंतर फर्मिनने बघणंच सोडलं. चौकात मान वळवेना, आंधळ्या वळणांवर वेग कमी करेना. "मी कशाला बघू? माझा माणूस बघतोय." देलियाला सातवा महिना लागला होता. औरेलिओने हात जोडले. "फर्मिन, बाळाची तरी आण घे. ही शर्यत सोड."

"ही एकच, मेव्हण्या. मग सीट कायमची बसवतो. तुझा कासिमिरो आणि देलिया, दोघांनी मिळून फिरावं खुशाल."

शर्यतीच्या रविवारी रस्त्याने जायचं म्हणून उजवी सीट पुन्हा बसवली. देलिया हट्टाने त्या सीटवर बसली. औरेलिओ हत्यारं घेऊन आपल्या जुन्या पिकअपमधून मागोमाग निघाला. मैदानात पोचल्यावर देलिया दाराला धरून कशीबशी उतरली.

"दादा, कसंतरीच होतंय रे. बसल्या बसल्या पोटात एकदम ओझं आलं."

"उन्हाचं असेल. सावलीत बस."

फर्मिनने घाईघाईने सीट काढून पिकअपमध्ये टाकली. औरेलिओ दोन पावलं मागे सरला आणि तिथेच थबकला. गाडीची उजवी बाजू वर उचललेली होती. त्याने वाकून रिकाम्या जागेत नाक घातलं. पेट्रोलचा वास होता, बाकी काही नाही. पत्रा चटका बसेल इतका तापला होता.

"फर्मिन... तो नाहीये."

"कोण?"

"स्प्रिंगवर भार नाही. बघ की. वाटेत थाप लागली होती का?"

फर्मिनचा चेहरा क्षणभर उतरला. "वाट मोकळी होती. थाप कशाला मारेल?"

"निदान स्प्रिंग सैल करू दे. एवढा वेळ दे मला."

"रांगेत बोलावतायत," फर्मिन म्हणाला. औरेलिओने दार घट्ट धरलं होतं. फर्मिनने त्याची बोटं हळूच सोडवली, प्रेमानेच सोडवली, आणि निघून गेला.

शर्यतीत लांब सरळ रस्त्यापलीकडच्या वळणावर एक गाडी गिरकी घेऊन थांबली आणि धुळीचा लोट उठला. सगळ्यांनी ब्रेक मारले. फर्मिनने मारला नाही. नंतर औरेलिओने तो रस्ता पायी चालून पाहिला. टायरची एकही काळी रेघ नव्हती. वळणावरचा झेंडेवाला म्हणाला, "मान उजवीकडे कलती करून होता. कोणी काही सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखा."

देलिया कुंपणाशी उभी होती, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून. ती रडलीसुद्धा नाही.

उजवी सीट पिकअपमध्ये तशीच राहिली होती. ती औरेलिओने डॉन सातुर्नोला नेऊन दिली. म्हाताऱ्याने तिच्यावर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"ही रिकामी आहे. तो कुठाय?"



मार्चमध्ये देलियाला मुलगी झाली. दिसायला चिमणीएवढी, पण उचलली की हात भरून येत. मामाच्या खांद्यावर ती शांत राही, त्यामुळे जेवणं झाली की तिला फिरवायचं काम औरेलिओकडे आलं. तिच्यामुळे तो पुन्हा हसायला लागला होता. फर्मिन गेल्याचं दुःख त्या एका लेकरामुळे त्याला सोसत होतं.

जुलैतल्या, ऐन थंडीतल्या एका दुपारी तो तिला घेऊन परत येत होता. मका केव्हाच कापून झाला होता. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत रस्ता उघडा पडला होता आणि गाव झोपलेलं होतं. पलीकडे दारात शाल गुंडाळून देलिया उभी होती. औरेलिओने रस्ता ओलांडायला पाऊल उचललं आणि बाळाच्या केसांतून वास आला. जळक्या एरंडेलाचा.

त्याच्या उजव्या खांद्यावर थाप पडली. लगेच दुसरी. ब्रेक मार.

पाऊल खाली टेकवून तो जागच्या जागी उभा राहिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. काही नव्हतं. आवाज नव्हता, धूळ नव्हती.

"दादा, ये ना!" देलियाने हाक मारली. "रस्ता तर मोकळा आहे."

त्याने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"बरं, थांब, मीच येते," म्हणत देलिया पायरी उतरली.

औरेलिओच्या खांद्यावर पुन्हा दोन थापा पडल्या, या वेळी जोरात.