हनुवटीला हात लावायचा नाही

लिफ्ट जेमतेम तिघांची होती. अपूर्वा कोपऱ्यात उभी होती, ओढणीचं टोक हनुवटीवर धरून. दार बंद होता होता एक हात आत आला, हातापाठोपाठ एक तरुण, आणि त्याच्या कुशीत बुटांचं जुनं खोकं. खोक्यात काहीतरी खुळखुळत होतं.

"दुसरा?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"रूट कॅनाल?"

तिनं पुन्हा मान हलवली. खोटं बोलण्यापेक्षा खोटी मान हलवणं सोपं असतं… आणि ओढणीत तोंड लपवलेल्या मुलीला दुसरं काय असणार?

दादरच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन दारं होती. लिफ्टसमोर दातांचा दवाखाना. डावीकडे वळलं की वधूवर सूचक केंद्र, दारावर कायम प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण. आणि त्याच्याही पुढे, बोळाच्या टोकाला, एक लहान दार. त्यावर 'सुनंदा क्लिनिक' एवढीच अक्षरं होती. चेहऱ्यावरचे नको असलेले केस तिथे कायमचे काढत. पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं, कारण तिथे येणाऱ्या बायकांना ते लिहिलेलं नको असायचं.

तो तरुण दातांच्या दवाखान्यात शिरेपर्यंत अपूर्वा लिफ्टजवळ रेंगाळली. मग डावीकडे वळली, भरभर.

अपूर्वा लालबागच्या एका बालवाडीत शिकवायची. कॉलेजात असल्यापासून तिच्या हनुवटीवर राठ, काळे केस यायचे. दर आठवड्याला पार्लरमध्ये दोरा फिरवायचा, दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप हनुवटीकडे. गेल्या महिन्यात ओवी नावाची चार वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर बसली, लाडानं गळ्यात पडली, आणि गाल चोळत म्हणाली, "बाई, इथे टोचतं." ओवीच्या मनात काही नव्हतं. ती लगेच ससा रंगवायला गेली. पण अपूर्वानं त्या दिवसापासून मुलांना मांडीवर घेतलं नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हार्मोनचा घोळ आहे, म्हणाले, गोळ्या दिल्या. "नवे केस कमी येतील. पण जे राठ झालेत ते गोळ्यांनी जाणार नाहीत. त्यासाठी सुनंदाताईंकडे जा."

सुनंदाताईंनी तिला खुर्चीत आडवं केलं, भिंगाचा दिवा ओढून हनुवटीवर आणला आणि तिची मान इकडून तिकडे वळवून पाहिली.

"केस कुठेत?"

"सकाळी थ्रेडिंग करून आले."

"का गं?"

"तुमच्यासमोर तसं कसं यायचं…"

सुनंदाताईंनी दिवा बाजूला केला. "कामवाली येणार म्हणून आधीच भांडी घासून ठेवणाऱ्यांतली तू. आता मी काय घासू?"

मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, घाई न करता. केसाच्या कडेनं, केस जिथून उगवतो त्याच छिद्रातून, केसाएवढीच बारीक सुई आत जाते. क्षणभर वीज सोडतात. मूळ जळतं. मग चिमट्यानं धरलं की केस अलगद बाहेर येतो, ओढावा लागत नाही. एका वेळी एक केस. पण त्यासाठी केस चिमट्यात धरता येईल एवढा तरी बाहेर हवा. "दोरा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. फारच वाटलं तर कात्रीनं कापायचे, पण शेवटचे पाच-सहा दिवस तेही नाही. वाढू द्यायचे."

"आणि लोक बघतील ते?"

"बघू देत."

"दुखतं?"

"खोटं नाही सांगणार. मुंगी चावते तसं, मधूनच जरा जास्त. क्रीम लावू आधी. नंतर हनुवटी लाल होईल, थोडी सुजेल, एखाद्या दिवसात उतरेल. बारीक खपल्या धरतील, त्या खरवडायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही. आणि हात लावायचा नाही… तो बघ, आत्ताही गेला."

अपूर्वानं हनुवटीवरचा हात खाली घेतला. "किती दिवस लागतील?"

"वर्ष. दीडही. सगळे केस एका वेळी वर नसतात ना. काही झोपलेले असतात, त्यांची उठायची वाट बघायला लागते. पुढच्या मंगळवारी ये, केस घेऊन."

ती बाहेर आली तेव्हा लिफ्ट अडकली होती आणि खोकेवाला जिन्यात उभा होता.

"भूल लवकर उतरली?" तो म्हणाला. "नीट बोलता येतंय?"

"हो." हात गालावर गेला. "तुमचं काय? तुम्हाला पण…"

"मला नाही, यांना." त्यानं खोकं हलवलं. "लोकांच्या दातांचे साचे आहेत. चिंचपोकळीला आमची लॅब आहे, तिथे कॅप बनवतो. राजरत्न."

"अपूर्वा."

"हसा जरा."

"का?"

"सवय आहे. दातांचा रंग बघतो." ती हसली, त्याच्या आगाऊपणाला. तो गंभीरपणे म्हणाला, "ए-टू. छान रंग आहे. फार पांढरा नाही. फार पांढरी कॅप केली ना, की तोंडात ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसते."

दोन मजले उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

नंबर दिला-घेतला गेला. मेसेज सुरू झाले. तो अर्धवट झालेल्या दातांचे फोटो पाठवायचा: 'हे काका परळचे, यांना सुपारी फोडायचीय.' ती मुलांच्या चित्रांचे फोटो पाठवायची. आठवड्याभरात 'तुम्ही' गळून पडलं. आणि रविवारी त्यानं विचारलं, 'फाइव्ह गार्डनला येतेस?'

रविवार. मंगळवारच्या आधीचा. हनुवटीवर पाच दिवसांची वाढ होती. अपूर्वानं आरशात पाहिलं, खिडकीजवळ जाऊन उजेडात पाहिलं, आणि चिमटा घेतला.

मंगळवारी सुनंदाताईंनी भिंगातून पाहिलं आणि दिवा विझवला. "आज पण भांडी घासलेली."

"सॉरी ताई."

"मला कशाला सॉरी? पुढच्या मंगळवारी."

पुढच्या वेळी राजरत्ननं तिला गिरगावात बोलावलं. खोताच्या वाडीतून लाकडी घरं बघत ते भटकले. मग एका उपाहारगृहात त्यानं न विचारता दोन खरवस मागवले. "तुला चावायला त्रास नको."

"एवढं काही नाही रे."

"कुठल्या बाजूला आहे रूट कॅनाल?"

"उजव्या."

"मागच्या वेळी डाव्या होतं."

चमचा तिच्या तोंडाशी थांबला. "…दोन्ही बाजूंना."

तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. जाताना टेबलावरचा तिचा हात त्यानं क्षणभर धरला आणि सोडला, काहीतरी आठवल्यासारखा. घरी पोचेपर्यंत अपूर्वा तेच तेच घोळवत राहिली. त्याला संशय आलाय. कसला? त्यानं पाहिलं का? आज उजेडात बसायला नको होतं… सकाळीच तर सगळे उपटले होते. मग एखादा राहिला असेल. नक्की राहिला असेल.

त्या मंगळवारीही ती केस उपटूनच आली. या वेळी सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर बसल्या.

"कोण आहे?"

अपूर्वा ओढणीचे गोंडे मोजत राहिली.

"असू दे. पण एक समजून घे, बाळ. तू त्याच्यासाठी उपटतेस म्हणून माझं काम सुरूच होत नाही. आणि माझं काम होत नाही म्हणून तुला उपटावं लागतं. हे असं किती वर्षं करणार? यातून एकदाच कुठेतरी बाहेर पडायला लागेल. तशीच राहा पाच-सहा दिवस. मेलीस तर मला सांग."

म्हणून अपूर्वानं ठरवलं. चिमटा आईच्या कपाटात ठेवून किल्ली आईकडेच दिली. बालवाडीत मास्क लावला, मुलांना सांगितलं, सर्दी आहे. आणि राजरत्नला कळवलं: 'या आठवड्यात जमणार नाही.'

'बरी आहेस ना?'

'हो. काम आहे.'

'रविवारी?'

'रविवारीपण.'

निळ्या खुणा झाल्या, पण उत्तर आलं नाही. दाताचा फोटो आला नाही. शनिवार गेला. रविवारी दुपारी ती फोन उशीखाली ठेवून झोपली आणि दर थोड्या वेळानं उशी उचलत राहिली. हनुवटी हाताला खरखरीत लागत होती. केस वाढत होते, आणि तो दूर चालला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेगानं.

सोमवारी रात्री एकच ओळ आली: 'टाळत असशील तर सरळ सांग. मला चालेल.'

तिनं तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं.

मंगळवारी ती जिन्यानं चढली, लिफ्ट नको म्हणून. दुसऱ्या मजल्यावर तो उभा होता. खोकं पायाशी ठेवलेलं, पाठ दातांच्या दवाखान्याच्या भिंतीला. तो नक्की तिचीच वाट बघत होता, कारण तिला पाहिल्यावर त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"ठरलं का?" तो म्हणाला.

"काय?"

"लग्न."

"कुणाचं?"

"अपूर्वा, प्लीज." त्यानं मान वळवून डावीकडे पाहिलं, तोरणाच्या दाराकडे. "पहिल्या दिवशी तुला रूट कॅनाल म्हणालो, तू हो म्हणालीस. त्या दिवशी डॉक्टर आलेच नव्हते. मी दारातूनच कॅप कंपाउंडरकडे देऊन, साचे घेऊन वळलो, तर तू डावीकडे वळताना दिसलीस. दर मंगळवारी डावीकडेच वळतेस. तोंड झाकून. मला वाटलं, घरचे पाठवत असतील, तुझ्या मनात नसेल… थांबू. आणि या आठवड्यात तू भेटणंच बंद केलंस. मग म्हटलं, स्थळ आलं असणार."

अपूर्वा बघतच राहिली. इतके दिवस ती एका गोष्टीला घाबरत होती, आणि हा बिचारा भलत्याच गोष्टीला. तिला हसू येत होतं आणि रडूही. पण दोन्हींच्या आधी तिला कळलं, की याला आता काही सांगायचं तर एकच गोष्ट सांगता येईल. नाहीतर तो खोकं उचलून खाली जाईल. आणि पुन्हा येईल तो फक्त दात द्यायला.

"डावीकडे दोन दारं आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तोरणाच्या पुढे अजून एक आहे. मी तिथे जाते." तिनं मास्कची कानामागची दोरी काढली. एक बाजू. मग दुसरी.

बोळातल्या ट्यूबलाइटचा उजेड सरळ तिच्या तोंडावर पडत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीचा भाव ओरडत होतं. राजरत्न पाहत होता, दातांकडे पाहतो तसा, थोडा पुढे वाकून, नीट. अपूर्वाला वाटलं, आपण आत्ताच पळावं.

"हे?" तो म्हणाला. "यासाठी?"

"हो."

"तिथे काय करतात?"

"सुई घालतात. एकेका केसात. मूळ जाळतात."

त्याचा चेहरा आक्रसला. "दुखतं?"

"माहीत नाही. अजून सुरूच झालं नाही. केस वाढवून यायला लागतं, आणि तू दर वेळी मंगळवारच्या आधीच भेटायला बोलावतोस. मग मी उपटते. मग ताई परत पाठवतात."

राजरत्न पायरीवर बसला. "म्हणजे सगळं माझ्यामुळे अडलंय?"

"सगळं."

"मी बुधवारी बोलवायला पाहिजे होतं."

मग मात्र तिला हसू आवरलं नाही. ट्यूबलाइटखाली, आठवडाभराच्या हनुवटीनिशी ती हसली. तो वर बघत हळूच म्हणाला, "अपूर्वा, तोरणाच्या दारातून तू कधीच जाऊ नकोस. म्हणजे… माझं म्हणणं आहे की गरज नाही. मी आहे."

तिनं मास्क घडी करून त्याच्या खोक्यावर ठेवला. "सांभाळ. येते."

सुनंदाताईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस बाई एकदाची." पहिली सुई आत गेली तेव्हा अपूर्वानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. चटका बसला, बारीक, खोल. डोळ्यांत पाणी आलं. मग चिमटा, आणि केस खरंच अलगद आला, ओढावा लागला नाही. ताईंनी तो कापसावर ठेवून तिला दाखवला. काळा, टोकाला बारीकसं पांढरं मूळ. एवढासा. एवढ्याशासाठी तिनं एवढी वर्षं मान खाली घातली होती.

"पुढचा?"

"घ्या."

ती बाहेर आली तेव्हा तो पायरीवरच होता. हनुवटी लालभडक, टोपलीभर डास चावल्यासारखी. मास्क घासला जाऊन चालणार नव्हतं, तेव्हा झाकायला काही नव्हतं.

"किती वेळा यायचंय?" त्यानं विचारलं.

"वर्ष. दीडही लागेल."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि खोकं उचललं.

फाटकाशी ऊन सरळ अंगावर येत होतं. ताईंनी ऊन नको म्हटलेलं तिनं सांगताच त्यानं खोक्याचं झाकण काढून तिच्या तोंडावर धरलं. उघड्या खोक्यातले दात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून हसत राहिले. रस्ता ओलांडताना समोरून कुणी तिच्याकडे पाहिलं, आणि सवयीनं तिचा हात हनुवटीकडे गेला.

तो वाटेतच धरला गेला.

"हात लावायचा नाही म्हणाल्यात ना ताई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईंचं दार अर्धं उघडं होतं. तेवढं ऐकलंय मी." एका हातात झाकण, काखेत दात, आणि दुसऱ्या हातात तिचा हात. "खपल्या पडेपर्यंत सोडणार नाही."