समिनाचा झोका

भगवानरावांनी विडी विझवली. "फिरोज वेल्डर माझ्या ओळखीचा हाय. त्याच्याच तोंडून ऐकलंय. कुणाला हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या." पोरं सरकून बसली.

यंदाच्या शब-ए-बरातची रात्र. लेकीच्या कबरीवर फुलं वाहून फिरोज निघाला तो थेट निजामाच्या काळातल्या बागेकडं. एके काळी इथं कारंजी उडायची, लोक डबे घेऊन यायचे. मग माळी गेला, झाडं वाळली, हौदावरची जाळीही कुणीतरी उचलून नेली. त्या उघड्या हौदात सहा वर्षांची समिना बुडाली. बागेला कुलूप लागलं आणि सगळे मोकळे झाले. त्यालाही आता सहा वर्षं झाली. तिची आई जिनत तेव्हापासून कुणाशी अक्षर बोललेली नव्हती.

सकाळी भंगारवाला बागेतलं सगळं लोखंड नेणार होता. लेक रोज बसायची तो झोका तेवढा जिनतच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा, एवढंच फिरोजच्या मनात होतं.

पडक्या भिंतीवरून तो आत शिरला. झोका साखळ्यांसकट वर बांधलेलाच होता. रिकामा झोका हलू देऊ नये म्हणतात, म्हणून समिना गेली त्या दिवशी त्यानंच तो बांधला होता. गाठही त्याचीच, तशीच. त्यानं दोरी सोडली.

झोका खाली आला. हलला.

वारा नव्हता. तो थांबायची वाट बघत फिरोज उभा राहिला. झोका थांबेना. मागं... पुढं... मागं...

"समिना?"

कुर्र... कुर्र...

"चल बेटा. घरी चल."

झोका थांबला. एकदम.

"भ्याला न्हाई का तो, काका?" पोरांतल्या सत्यमनं हळूच विचारलं.

"भ्यायला आत काईतरी उरावं लागतं, बाबा. त्यानं पाना काढला अन् नट खोलले."

घरी दिव्याखाली त्यानं झोका मांडला. साखळ्या गंजून तांबड्या झालेल्या. फक्त मुठीनं धरायची जागा घासून चकचकीत. समिनाचा हात पोचायचा तिथं एक. तिच्या जरा वर दुसरी. त्याच्याही वर... दोन्ही साखळ्यांवर, सारख्याच.

जिनतनं एकेका जागेवरून बोट वर वर नेलं. मग तिनं सगळ्यात वरच्या चकचकीत कडीवर बोट ठेवलं.

"अजी," ती म्हणाली, "पोर उंच झाली की."