गार्डमधली निळी लोकर

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे घडलंय. माझ्या साडूच्या बाबतीत, त्याच्याच गॅरेजमध्ये... भर दुपारी.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. गाड्यांच्या पुढे लोखंडी पाइपांचा गार्ड बसवणं हा त्याचा धंदा.

बायको डबा घेऊन आली की टोमणा मारायचीच.

"अहो, बंपर दबतो म्हणून समोरचा माणूस वाचतो. तुमचा पाइप दबणार आहे का?"

"गाडीवाल्याला गाडी वाचवायचीय."

"आणि ह्या पाइपामुळे आतल्यांची एअरबॅग वेळेवर उघडली नाही तर?"

"तू आधी डबा उघड."

त्या गुरुवारी डबा आलाच नाही.

आला एक गाडीवाला, जुनं गिऱ्हाईक. हसत.

"मानलं, मिस्त्री! कुत्रं आडवं आलं. गाडीला ओरखडा नाही. जरा पुसून द्या."

गार्ड चिकट झाला होता, वासही मारत होता. मिस्त्रीने नाक मुरडत थिनरचं फडकं घेतलं. डाव्या बोल्टमध्ये काहीतरी अडकलं होतं...

निळी लोकर. ओली.

"शी! कुत्र्याला स्वेटर कुणी घातला?"

त्याने ती स्क्रूड्रायव्हरने उपटून गटारात टाकली. दोघंही हसले.

गाडी गेली आणि दवाखान्यातून फोन आला.

बायकोला कुणीतरी उडवून पळालं होतं. ती गेली होती. तिचे कपडे पिशवीत मिळाले. निळा स्वेटर. डावी बाही उसवलेली.

आठवड्याने मिस्त्रीने गॅरेज उघडलं. भिंतीला एक कोरा गार्ड टेकवलेला होता. अजून कुठल्याच गाडीला न लागलेला. त्याच्या बोल्टच्या भोकात...

निळी लोकर. ओली. कोमट.

त्याने ओढली. हातभर आली. आणखी ओढली... पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ताणली गेली आणि तुटली.

घरी येऊन त्याने पिशवी उघडली. स्वेटरची बाही कोपरापर्यंतच उरली होती.

तेव्हापासून हे रोज चाललंय. ओढली नाही, तर भोकातून तोच चिकट वास सुटतो. थिनरनेही जात नाही.

मिस्त्री आता चमच्याने जेवतो. स्वतःच्या हातांची किळस येते त्याला.

"ह्याच हातांनी पुसलं रे तिला."

"चौकीत जाऊन सांग ना," मी म्हटलं.

"काय सांगू? पुरावा मीच धुतला म्हणून?"

परवा तो गाडीवाला परत आला. दुसऱ्या गाडीलाही तसाच मजबूत गार्ड हवा होता त्याला. जाता जाता हळूच म्हणाला, "त्या दिवशी कुत्रंच होतं ना, मिस्त्री?"

मिस्त्रीला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"हो, साहेब," तो म्हणाला. आणि वाकून माप घेतलं.

काल ती पिशवी मी स्वतः उघडून पाहिली. स्वेटरची नुसती गळपट्टी उरलीय. इतके दिवस कपाटात होती, तरी...

ओली होती.

चौकी गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर आहे. मिस्त्रीने अजून जबाब दिलेला नाही.